पाणी सांगायचा फेर

"पाणी सांग, बाय. पाणी सांगितल्याबिगर पाय टाकू नको."

हा आवाज बायजाआतीचा. तिला जाऊन आता कैक पावसाळे झाले, तरी व्हाळाच्या काठाला तेरडा फुलला की तो आवाज येतोच. जाडाभरडा, पानाच्या रसात भिजलेला, आणि माझ्या कोपराला धरलेला तिचा हात त्याच्या मागोमाग.

आंबेकोंडाच्या आमच्या अंगणात ती मला फेर शिकवत होती. श्रावण सरत आला होता, भात पोटरीला आलं होतं. मी नवी सून, वैशाखात लग्न होऊन आलेली. बायजाआत माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, गावातल्या गावातच दिलेली, आणि गौरीच्या फेराची मालकीण. कुणी कुठं उभं राहायचं, ठेका कधी चढवायचा, कुणाला आत घ्यायचं, हे सगळं तिच्या जिभेवर. मी उजवा पाय पुढं टाकायला उचलला आणि तिनं कोपर धरून मला जागच्या जागी थांबवलं. पाय तसाच अधांतरी राहिला. कडेला बसलेल्या दोघीतिघी हसल्या. एक म्हणाली, बगळीवानी दिसते गो सहदेवाची बायको. मीही हसले, पण पाय खाली ठेवायला जागा सापडेना.

आमच्या त्या खोऱ्यात गौर म्हणजे मुखवटा नाही की मूर्ती नाही. व्हाळावरचा तेरडा मुळासकट उपटून आणायचा, तीच गौर. मुळं म्हणजे तिचे पाय, म्हणून मुळांचा चिखल धुवायचा नाही. माहेरवाशीण चालत आली तर तिच्या पायाला चिखल असणारच. नवी सून ही गौर छातीशी धरून पहिल्यांदा फेरात शिरते तेव्हा तिनं आपलं पाणी सांगायचं. आपण ज्या पाण्यावर वाढलो ते पहिलं. आई ज्या पाण्यावर वाढली ते दुसरं. आईची आई ज्यावर वाढली ते तिसरं. कुळ, देवक, आडनाव ही पुरुषांची सांगायची गोष्ट. बाईचं गाव बदलतं, नाव बदलतं, कपाळावरचं कुंकूसुद्धा दुसऱ्याच्या नावाचं, मग तिचं स्वतःचं राहिलं काय, तर लहानपणी प्यालेलं पाणी. ते हाडात उतरतं आणि लेकीच्या हाडात जातं, असं बायजाआत म्हणायची. फेर रंगला की कुणी टाक्याचं पाणी सांगे, कुणी झऱ्याचं, कुणी देवरहाटीतल्या कुंडाचं. साऱ्या खोऱ्याच्या विहिरी आणि व्हाळ त्या एका अंगणात येऊन घुमतायत असं वाटायचं.

जिला तिन्ही पाणी सांगता येत नाहीत तिनं कडेला बसायचं. टाळ्या द्यायच्या, ओव्यांच्या मागं सूर ओढायचा, पण पाय टाकायचा नाही. कुणी वाईट बोलत नसे तिला. पान द्यायच्या, बसायला घोंगडीही द्यायच्या. फक्त फेर तिच्या पुढून जायचा, एवढंच.

हे सगळं मला शिकवायची गरज नव्हती. माझं माहेर उंबरवाडी, सावित्री नदीच्या पलीकडे, पण चाल तीच. माझी आई शेवंती दरवर्षी कडेला बसायची आणि मी तिच्या मांडीवर. पुढून बायकांचे पाय जायचे. भेगाळलेले, जोडव्यांचे, चिखलाचे. त्या पायांकडे बघत मी वाढले. मोठी झाले की मी यांच्यात असेन, हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की तिसऱ्या पाण्याचा विचारच कधी मनात आला नव्हता. पहिलं माझं, उंबराच्या झऱ्याचं. दुसरं आईचं, कुंभळवाडीच्या आडाचं. तिसरं कुठलं ते मला ठाऊकच नाही, हे बायजाआतीनं कोपर धरलं तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"आईला विचार नि ये," बायजाआत म्हणाली. "गौरीला अजून सवड हाय."

मी दुसऱ्याच दिवशी नदी ओलांडून उंबरवाडीला गेले. आई घरी नव्हती, वरच्या वरकसावर, डोंगराच्या उतारावर, नाचणीतलं तण बेणत होती. इरलं पाठीवर टाकून वाकलेली. मी चढून गेले तरी तिनं मान वर केली नाही. मी कशी आहे, सासू कशी वागते, सहदेव वखारीतून आठवड्याला येतो की पंधरवड्याला, सगळं वाकल्या वाकल्या विचारून झालं. मग मी विचारलं.

"आये, तुझ्या आईचं पाणी कुठलं?"

तिचा हात चालूच होता. "कशाला?"

"बायजाआत विचारते. फेरात सांगायचं."

"तिला सांग, अनशीच्या आईला आई नव्हती."

"आई नाय असं कुणी असतं काय?"

"असतं," ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीत सरकली.

मला एवढं माहीत होतं की कुंभळवाडीच्या बाळाईनं तिला वाढवलं होतं. बाळाई तिची आई नव्हती. बाळाईला स्वतःच्या लेकी होत्या, आणि आई त्या घरात पोरकी म्हणून राहिली, मिळालं ते खाल्लं, पडलं ते काम केलं. मी म्हटलं, मग बाळाईचं पाणी सांगते, वाढवलं तिनं तर आजीच ती. आई म्हणाली की बाळाईचं पाणी बाळाईच्या लेकींचं, त्यांनी तिला ते कधी सांगू दिलं नाही आणि तीही चोरून सांगणार नाही.

मला राग आला. इतक्या लांब चिखल तुडवत आले होते आणि ही माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"तू जनमभर कडेला बसलीस," मी म्हटलं. "मी नाय बसायची."

"फेर नाय नाचला म्हणून कुणी मरत नाय, अनशे."

"जगतपन नाय."

आईनं तणाबरोबर नाचणीचं एक चांगलं रोप उपटलं. हातातलं रोप बघितलं, परत त्याच भोकात खोचलं आणि बोटानं माती दाबत राहिली. ते रोप जगणार नव्हतं हे तिलाही कळत होतं. पण ती दाबत राहिली.

खाली घरी आबा पडवीत दोर वळत बसले होते. माझे वडील फार बोलत नसत. मी त्यांना विचारलं, तर त्यांनी पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोर सोडवला, तंबाखू मळली आणि म्हणाले की तुझी आई मागशील ते देईल, एवढं मागू नको. लग्नात आपणही मागितलं नाही, पुढंही कधी मागितलं नाही. मग म्हणाले, एकदा तापात ती झोपेत कुणाला तरी हाका मारत होती, आपण उठून बाहेर जाऊन बसलो. ऐकलं असतं तर चोरून घेतल्यासारखं झालं असतं.

मी रिकाम्या हातानं परत आले.

माझी सासू द्वारका. गोल, ठेंगणी, हसली की पोटापासून हसायची. मी चुलीपाशी बसून भाकरी थापत होते, आणि भाकरी सारखी फाटत होती. तिनं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा पीठ माझ्या हातातून काढून घेतलं आणि काय झालं ते सांग म्हणाली. मी सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत राहिली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यापाशी उभी केली, ती टम्म फुगली.

"माझ्या आईचं घे," ती म्हणाली.

मला कळलंच नाही.

"माझ्या आईचं पाणी. माझी आई तुळसा, भैरोबाच्या टाक्याची. घे ते. मला लेक नाय, अनशे. तीन झील झाले, लेक नाय. माझ्या आईचं पाणी माझ्यासंगं आटायचं ते आटायचंच. तू सांगितलंस तर व्हावंल तरी."

मी म्हटलं, बायजाआतीला कळलं तर. सासू हसली. बायजाला सगळं कळतं म्हणाली, पण बायजा माझ्या आईला मरेपर्यंत भ्यायची, तिचं नाव फेरात घेतलंस तर पदर सावरील आणि गप ऱ्हाईल.

मग दोघी हसलो. पण रात्री अंथरुणावर पडले तेव्हा ते नाव मी ओठांवर घोळवून पाहिलं. तुळसा. माझी आजी तुळसा. चांगलं नाव होतं. मायेनं दिलेलं होतं. आणि तरी ते माझ्या तोंडात दुसऱ्याच्या घरच्या भांड्यासारखं वाटत होतं, कितीही घासलं तरी आपल्या फडताळात न बसणारं.

गौर आणायच्या दिवशी सकाळीच आई आणि आबा आले. पहिल्या ववशाचं, म्हणजे नव्या सुनेनं गौरीला ओवाळायचं सूप माहेरून यायचं असतं. आईनं सूप नव्या कापडात बांधून आणलं होतं. भोपळीची पानं, काकडी, पाच फळं, खण, आणि कडेला खोचलेली रानहळदीची फुलं, जी आमच्याकडे सुपात कुणी घालत नसे. सासूनं कौतुकानं सूप उतरवून घेतलं, आईला पाय धुवायला पाणी दिलं आणि पान लावता लावता, ज्या सरळपणानं ती सगळं बोलायची त्याच सरळपणानं म्हणाली की विहीणबाय, तुमच्या लेकीला मी माझ्या आईचं पाणी दिलंय हां, काळजी करू नका.

आईच्या हातात पान होतं.

"बरं केलंत," ती म्हणाली.

तिनं पान खाल्लं नाही. कनवटीला खोचून ठेवलं.

दुपार कलताना आम्ही बायका गौर आणायला व्हाळावर गेलो. आठवडाभर पाऊस झोडपून गेला होता. व्हाळानं काठ खरवडून नेला होता, नेहमीच्या जागी तेरडा कुजून काळा पडलेला. कुणी खाली जाऊन बघितलं, कुणी वर. बायजाआत एका धोंड्यावर बसून सगळ्यांना शिव्या घालत होती, की गौर आणायला आल्यात का शेण वेचायला. मी आईला शोधलं तर ती आमच्यात नव्हतीच. ती कधीच कातळावर चढून गेली होती. वरून तिनं हाक मारली, नाव घेऊन नाही, नुसतीच, लांब आणि वळणाची, पाखराला पाखरानं द्यावी तशी. आम्ही वर गेलो. कातळाच्या बेचक्यात सगळा उतार तेरड्यानं गुलाबी झाला होता. ओल्या दगडावरून पाणी झिरपत होतं आणि रोपं पावसानं धुऊन उभी केल्यासारखी टवटवीत.

बायजाआत धापा टाकत पोचली. "तुला गो कसं कळलं?"

"पाणी झिरपतं तिथं मूळ तगतं," आई म्हणाली.

"आमची हयात गेली हितं, आमाला नाय कळलं. रानात जल्मलीस वाटतं."

सगळ्या हसल्या. बायजाआतीचा विनोद होता तो, त्यात काटा नव्हता. पण मी आईच्या शेजारी उभी होते, आणि मला तिचा श्वास थांबलेला ऐकू आला. मग ती खाली वाकली, माझ्यासाठी एक रोप निवडलं, दोन्ही हातांनी बुडाशी धरून मुळासकट अलगद वर काढलं आणि माझ्या हातात दिलं. मुळांना काळी माती होती. तिनं ती बोटानं जरा नीट केली, लेकराचे पाय पुसावेत तशी.

अंगणात परत आलो तेव्हा ऊन पडलं होतं, पावसानं धुतलेलं पिवळं ऊन. शेणानं सारवलेल्या जमिनीवरून वाफ निघत होती. पुरुष पडवीत सरकून बसले. बायकांनी कडं धरलं. आई जोत्याला टेकून कडेला बसली, तिच्या नेहमीच्या जागी. गाव दुसरं असलं तरी जागा तीच होती.

बायजाआतीनं ठेका धरला. सुरुवातीला फेर संथ असतो. एक पाय पुढं, एक मागं, कमरेत वाकायचं, टाळी, पुन्हा सरळ. वाऱ्यावर भाताचं शेत हलतं तसं. तेरडा छातीशी धरून मी कड्याच्या बाहेर उभी होते. तिनं ओवी टाकली.

"तेरड्याच्या गौरीबाय, पाय भरले चिखलानं,
आलीस गो कुन्या वाटेनं, वाढलीस कुन्या पान्यानं."

बायकांनी ओढली. कडं उघडलं. मी आत पाय टाकला. कधीपासून वाट बघत राहिलेला तो पाय शेवटी जमिनीला लागला. मी गायले.

"पयलं पाणी माझं गो, उंबराच्या मुळाचं,
वाकून ओंजळ भरावी, वेड माझ्या जिवाचं."

"जिवाचं गो जिवाचं," बायकांनी झेललं. टाळ्या चढल्या. माझी वर्तुळाची एक फेरी झाली. समोरून जाताना आई दिसली. ती टाळ्या देत नव्हती.

"दुसरं पाणी आईचं, कुंभळवाडीच्या आडाचं,
दोर वढता वढता वय गेलं खेळायचं."

बायजाआतीनं मान हलवली. ओवी तिला आवडली होती. दुसरी फेरी झाली. आता सगळ्या तिसऱ्यासाठी थांबल्या होत्या. सासू समोरच्या बाजूला होती. तिच्या चेहऱ्यावर असं काही फुललं होतं की आपल्या आईला अंगणाच्या दारातून आत येताना बघत असावी. मी तिच्यासाठी ती ओवी जुळवून ठेवली होती. तुळसेच्या नावाची. मी तोंड उघडलं.

"तिसरं पाणी आजीचं..."

एवढंच म्हणाले असेन. कडेला काही हललं. आई उभी राहिली होती. तिनं पदर कमरेला खोचला आणि जोत्यापासून सरळ कड्यात शिरली. दोघी बाजूला सरल्या. आईनं माझ्या हातातला तेरडा काढून घेतला.

आणि ती नाचायला लागली.

माझ्या आईला नाचताना मी कधी पाहिलं नव्हतं. आणि हा आमचा फेर नव्हता. आमच्या फेरात बाई वाकते आणि उठते. आई वाकली ती उठलीच नाही. गुडघ्यात दुमडलेली, पाठ आडवी, पाठीवर कसलं तरी ओझं असल्यासारखी, आणि पाय जमिनीला इतके लगटून की टाच सुटत नव्हती. ती पाय उचलत नव्हती, घासत होती. मग एकदम बोटांनी माती टिपल्यासारखी पावलं, आणि खांद्यातून एक हेलकावा, डावीकडं, उजवीकडं. निखाऱ्याच्या कडेनं चालावं तसं. पाणी कुठं आहे ते तळव्यानं चाचपावं तसं. तेरड्याची मुळं तिच्या पावलांबरोबर हलत होती. मी तिला हाक मारली नाही. मला भीती वाटली की हाक मारली तर ती परत शेवंती होईल.

टाळ्या विस्कटल्या. हा ठेका कुणालाच येत नव्हता. थोडा वेळ नुसता आईच्या पावलांचा आवाज होता, सारवणावर खसखस. मग कुणीतरी, माझी सासूच ती, त्या पावलांवर टाळी धरली. हळूहळू दुसरीनं, तिसरीनं. टाळी जुळत गेली.

बायजाआत तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"शेवंता, आत आलीस. आता सांगावं लागंल. मागं फिरायची वाट नाय."

आई नाचत राहिली. केस सुटून तोंडावर आले होते. पडवीत आबा उभे राहिले होते.

ती काय बोलली ते शेवटी सांगते, कारण त्यानंतर मला सांगण्यासारखं काही उरत नाही. आधी नंतरचं सांगून टाकते. त्या दिवशी काही बायका कडं सोडून घरी गेल्या. दोन घरांनी पुढं कैक वर्षं आमच्याकडचं पाणी घेतलं नाही, आणि एका लग्नात माझं पान वेगळं वाढलं गेलं, तेव्हा सासू आपलं पान उचलून माझ्या शेजारी येऊन बसली. सहदेव वखारीतून आला, ऐकलं, दोन दिवस नीट जेवला नाही, तिसऱ्या दिवशी उठून उंबरवाडीला गेला आणि माझ्या आईच्या नाचणीला राखण करून आला. बोलून दाखवायची त्याची रीत नव्हती. दुसऱ्या वर्षी गौरीला बायजाआतीनं मला पुन्हा उभं केलं, पाणी अर्धवट राहिलंय म्हणाली. मी चार पाणी सांगितली. चौथं तुळसेचं. बायजाआतीनं खरंच पदर सावरला. आई पुढं चार गौरी आमच्याकडे आली आणि दरवर्षी नाचली. आता आंबेकोंडाच्या फेरात पोरी मध्येच एक पावली घालतात, वाकून, टाच न उचलता. कुणाची म्हणून विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. कुणी शिकवल्याचं आठवत नाही त्यांना.

पण त्या दुपारी त्या पिवळ्या उन्हात आईनं ओवी गायली नाही. ती बोलली. दम लागला होता, म्हणून तुकड्या तुकड्यानं, पायांच्या ठेक्यावर.

"विहीर नव्हती. आड नव्हता. माझ्या आईला विहिरीच्या पायरीवर चढू देत नव्हते. सावित्रीच्या वाळूत हातानं डवरा उकरायचा, पाझर फुटेस्तवर बसायचं, नि प्यायचं. आज हितं. उद्या तितं. जितं कोळशाची भट्टी लागंल तितं. त्यामुळं तिचं पाणी कुठलं एक सांगता येत नाय गो बायांनो. सगळी नदी तिची."

टाळी थांबली होती. आई थांबली नव्हती.

"भट्टी इझली की समदी नाचायची. मला पाठीवर बांधून ती नाचायची. ह्यो नाच मी डोळ्यांनी बघितलेला नाय. तिच्या पाठीवरनं अंगात घेतलाय. मग धुरानं मला खोकला लागला. बाळाईच्या खळ्यावर ठेवून गेली. शिमग्याला नेते म्हणाली. दर शिमग्याला मी खळ्यावर जाऊन बसायची. नाय आली. बाळाई म्हणाली, हितं ऱ्हायचं तर तिचं नाव काढायचं नाय. मी नाय काढलं. बाळाईपाशी नाय, तुझ्या बापापाशी नाय, तुझ्यापाशी नाय."

तिचे पाय माझ्यासमोर येऊन थांबले. तिनं तेरडा परत माझ्या हातात दिला, आणि माझ्या दोन्ही मुठी आपल्या हातांनी त्याच्यावर आवळल्या.

"दुसरीची आई उसनी घेऊ नको, अनशे. तुला तुझी हाय. कातकरीण होती. सोमी. सोमी तिचं नाव."